एका रुपयाचा डाव : व्हिडिओ गेमची दुकानं आणि ‘हायस्कोअर’चा इतिहास

(हदगाव इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजच्या पुष्पाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांचे फोन आले. ‘सर, इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हिडिओ गेम कुठून आला? निजामाच्या काळावर बोला, मुक्तिसंग्रामावर बोला.’ त्यांचं चुकत नाही. या भागाला सांगण्यासारखा मोठा इतिहास आहे आणि तो सांगायलाच हवा. पण मी तुम्हाला एक साधी गोष्ट विचारतो. इथं बसलेल्यांपैकी ज्यांचं वय आज पस्तीस ते पन्नासच्या दरम्यान आहे, त्यांच्यापैकी कितीजण लहानपणी घरी न सांगता गेमच्या दुकानात गेलेले आहेत? (हशा.) हात वर करू नका, बायको-पोरं शेजारी आहेत. मी चेहऱ्यावरून ओळखलं.

एवढ्या लोकांच्या बालपणाचा जो भाग होता, त्याची नोंद कुठं आहे? गावाच्या इतिहासात नाही, तालुक्याच्या माहितीपुस्तिकेत नाही, दुकानदाराकडं वही नाही. ती दुकानं आली, पंधराएक वर्षं चालली आणि गेली. तिथं आता मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्स आहे. म्हणून हा विषय घेतला. आणि दुसरं कारण असं, की या खेळांमध्ये एक आकडा असायचा, पडद्यावर वरच्या बाजूला. त्याला ‘हायस्कोअर’ म्हणत. त्या आकड्यापायी पोरं वेडी व्हायची. का व्हायची, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर आजही जगात लोक त्याच जुन्या खेळांवर का झटताहेत, हे मला आज तुमच्यासमोर उलगडून बघायचंय.

दुकान

आधी दुकान डोळ्यांसमोर आणू. मी सांगतोय ते साधारण १९९५ ते २००० या काळातलं. बसस्टँडच्या आसपास, पत्र्याचं शटर, आत अंधार. दारावर एक मळकट पडदा, म्हणजे बाहेरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला आत कोण आहे ते दिसू नये. आत लाकडी खोक्यांत बसवलेले तीन नाहीतर चार टीव्ही. समोर दांडा, ज्याला आम्ही हँडल म्हणायचो, आणि बटनं. कॉइन टाकायची फट मशीनला असायची, पण बहुतेक वेळा ती बंद. रुपया मालकाच्या हातात द्यायचा, मग तो किल्ली फिरवून किंवा मागं हात घालून एक डाव चालू करून द्यायचा. एका रुपयात तीन ‘जान’. जान संपल्या की डाव संपला.

सगळ्यात जास्त गर्दी कुठं? ‘मुस्तफा’वर. आता या खेळाचं खरं नाव तेव्हा आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. तो कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली काढलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ नावाचा खेळ. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिक्सवर बेतलेला. त्यात चार पात्रं : जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. तीन पोरांना एकाच वेळी खेळता यायचं. आता गंमत बघा. कॉमिक्स अमेरिकन, कंपनी जपानी, नायक जॅक. पण भारतात, पाकिस्तानात, बांगलादेशात या खेळाला नाव पडलं मुस्तफा. कारण उघड आहे. चार नावांतलं ते एकच नाव आपल्या गल्लीतलं वाटत होतं. नांदेडसारख्या जिल्ह्यात, जिथं मराठी, दखनी, तेलुगू, पंजाबी एकाच चौकात ऐकू येते, तिथं मुस्तफा नावाचा गडी घरचाच. खेळाचं बारसं पोरांनी केलं आणि कंपनीला त्याचा पत्ताही नव्हता.

मशीनमधले बोर्डही बहुतेक नकली, कुणीतरी कुठंतरी उतरवून घेतलेले. त्यामुळं या धंद्याचा अधिकृत इतिहास लिहायचा म्हटलं तर कागदच सापडत नाही. सापडतात ती माणसं.

आकडा आला कुठून

हा आकडा मुळात आला कुठून, ते थोडक्यात सांगतो. १९७८ साली जपानमध्ये तैतो कंपनीनं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ काढला. तोमोहिरो निशिकादो या माणसानं तो एकट्यानं घडवला. वरून परग्रहावरचे किडे रांगेनं खाली उतरताहेत आणि आपण खालून गोळ्या मारायच्या. त्याआधीच्या बऱ्याच खेळांना वेळेची मर्यादा असायची, मिनिट-दीड मिनिट झालं की संपलं. इथं तसं नव्हतं. जोवर जिवंत आहात तोवर खेळा. आणि पडद्यावर वर सतत एक आकडा दिसत राहायचा, आजवर या मशीनवर झालेला सर्वांत मोठा स्कोअर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही मशीनसमोर एकटे उभे आहात. पण तुमच्या आधी कुणीतरी येऊन गेलंय आणि जाताना आकडा ठेवून गेलंय. आता तुमची झुंज त्याच्याशी. तो इथं नाही, कदाचित तुम्ही त्याला कधी पाहिलंही नाही.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या अटारी कंपनीचा ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ आला. त्यात मोठा स्कोअर केला की मशीन तुम्हाला तीन अक्षरं लिहू द्यायचं. तीनच. पण ती तीन अक्षरं म्हणजे सही होती. १९८० मध्ये नामको कंपनीचा ‘पॅकमॅन’ आला, १९८१ मध्ये निन्टेन्डोचा ‘डाँकी काँग’. दुकानांत रांगा लागायला लागल्या.

कुस्तीशी ताडून बघा. आपल्याकडं माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो. तिथं जिंकायचं तर समोर जोड लागतो. दोघं एकाच वेळी, एकाच मातीत. हायस्कोअरनं काय केलं, तर जोड समोर नसताना कुस्ती लावून दिली. सकाळी शाळा बुडवून आलेला पोरगा आणि संध्याकाळी गॅरेजमधलं काम संपवून आलेला पोरगा, दोघं एकमेकांना न भेटता आठवडाभर लढू शकत होते. मला वाटतं, या खेळांच्या ओढीचं पहिलं मूळ इथं आहे.

मालकाचं गणित आणि पोराचं गणित

दुसरं मूळ पैशात आहे, ते स्पष्ट बोललं पाहिजे. हे खेळ पोरांच्या आनंदासाठी बनवलेले नव्हते, नाण्यांसाठी बनवलेले होते. मशीन चालवणाऱ्याचा फायदा कशात? पोरगा दोन-तीन मिनिटांत मरावा, आणि मरताना त्याला वाटावं, की ‘अरे, जरासाच चुकलो’. म्हणजे तो दुसरा रुपया काढतो. बोर्डावर बारीक खटके असायचे, त्यांनी जान कमी करता यायची, खेळ अवघड करता यायचा. एखादं पोरगं फार तयार झालं की पुढच्या आठवड्यात खेळ अचानक जड व्हायचा. आम्हाला वाटायचं मशीनला काहीतरी कळतं. कळत होतं ते मालकाला.

आता पोराचं गणित बघा. त्याच्याकडं एकच रुपया आहे. तो रुपया त्याला पुरवायचाय. मग तो काय करतो? दुसऱ्याचा डाव बघत उभा राहतो. तासन् तास. कोणत्या वळणावर कोण येतो, कुठल्या पिंपात बंदूक निघते, कुठल्या बॉसला कोपऱ्यात कसं गाठायचं, सगळं पाठ. आम्ही खेळायचो कमी आणि बघायचो जास्त. एक रुपया खेळायला आणि पन्नास रुपयांचं शिक्षण बघायला.

आमच्यात एक जण होता. वडील एसटीत ड्रायव्हर. हा पोरगा शाळेत मागच्या बाकावर, बोलायला बुजरा. पण हँडल हातात आलं की बदलून जायचा. त्यानं एक दिवस एका रुपयात मुस्तफा संपवला. आठही टप्पे, शेवटचा डॉक्टर फेसेंडन मारेपर्यंत, दुसरा रुपया न काढता. दुकानात त्या वेळी पंचवीसेक पोरं असतील. श्वास रोखून उभी होती. मालक सुरुवातीला चिडला होता, कारण मशीन एकाच रुपयात अडकून पडलं होतं. शेवटी शेवटी तोही खुर्ची सोडून मागं येऊन उभा राहिला.

पुष्कळ वर्षांनी मी वाचलं, की जपानमध्ये याला स्वतंत्र मान आहे. एका नाण्यात खेळ पूर्ण करणं ही तिथं खरी कसोटी समजतात. ‘गेमेस्ट’ नावाचं एक मासिक तिथं १९८६ ते १९९९ निघायचं आणि दुकानांकडून आलेले स्कोअर ते छापायचं. आमच्या पोरानं ते मासिक बघितलेलं नव्हतं. पण नियम तोच होता : एक नाणं, एक डाव, सगळ्यांसमोर. टोकियोतल्या आणि हदगावातल्या पोरांना एकच नियम सुचला, कारण दोघांच्याही खिशातली अडचण एकच होती. मालकाला जो रुपया तीन मिनिटांत खायचा होता, तो पाऊण तास पुरवून दाखवणं हा त्या पोराचा खरा विक्रम होता.

लाईट गेली

आता मी आजच्या व्याख्यानाच्या गाभ्याशी येतो.

त्या पोरानं मुस्तफा संपवला, स्कोअर वर आला, अक्षरं टाकली. आम्ही दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर धावत गेलो ते बघायला. आकडा नव्हता. यादीत कंपनीनं भरून ठेवलेले तेच जुने स्कोअर. का? रात्री लाईट गेली होती.

या जुन्या बोर्डांपैकी बहुतेकांची स्मरणशक्ती विजेवर चालायची. वीज आहे तोवर आठवण. काही थोड्या खेळांत बॅटरी किंवा खास चिप असायची, त्यात वरचे दोन-चार आकडे टिकायचे. पण बाकीच्यांचं बटन बंद केलं की सगळं पुसलं. अमेरिकेतही तसंच होतं, पण तिथं मशीन दिवस-रात्र चालू ठेवता यायचं. आपल्याकडं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. भारनियमन हा शब्द आपण व्याकरणाच्या आधी शिकलो.

मग आमचा हायस्कोअर राहायचा कुठं? माणसांत. ‘त्यानं एका कॉइनमध्ये संपवलं, मी होतो तिथं,’ असं म्हणणारे पंचवीस जण होते. कुणी शंका घेतली की साक्षीदार उभे राहायचे. ‘अरे, मी माझ्या डोळ्यानं बघितलंय ना बे!’ दुसऱ्या शाळेतली पोरं मुद्दाम बघायला यायची, ‘तो कोण आहे रे?’ म्हणून. तामशाहून, निवघ्याहून बाजाराला आलेली पोरं ती गोष्ट गावी घेऊन जायची. कुस्तीतसुद्धा असंच आहे बघा. कोणी कोणाला कुठल्या डावावर चीत केलं, हे वर्षानुवर्षं तोंडी चालत येतं. आपल्या समाजाला विक्रम तोंडी सांभाळायची जुनी सवय आहे. तीच सवय या मशीनच्या मदतीला आली.

असाच प्रश्न अमेरिकेत एका माणसाला पडला होता. वॉल्टर डे त्याचं नाव. आयोवा राज्यात ओटम्वा नावाचं एक गाव आहे. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही. शेतीच्या मुलखातलं पंचवीस-तीस हजार वस्तीचं गाव. तिथं त्यानं १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ट्विन गॅलक्सीज’ नावाचं गेमचं दुकान काढलं. त्याआधी तो गावोगावच्या दुकानांत जाऊन मशीनवरचे स्कोअर वहीत उतरवून घेत हिंडला होता. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्यानं तो तक्ता जाहीर केला आणि देशभरातून फोन यायला लागले : माझा स्कोअर लिहून घ्या, माझा जास्त आहे. बघता बघता ते गाव स्वतःला व्हिडिओ गेमची जागतिक राजधानी म्हणवून घ्यायला लागलं. दुकान फार वर्षं चाललं नाही, १९८३ च्या सुमाराला अमेरिकेत हा धंदाच कोसळला. पण तक्ता टिकला.

ओटम्वा आणि हदगाव यांत फरक किती? मशीन सारखी, पोरं सारखी, वेडही सारखंच. फरक एका वहीचा. तिथं एका माणसानं लिहून ठेवलं, म्हणून आज जग त्या गावाचं नाव घेतं.

साक्षीचा प्रश्न

पण वही आली म्हणजे प्रश्न संपला असं नाही. वहीत लिहिलेलं खरं कशावरून?

बिली मिचेल हे या जगातलं फार गाजलेलं नाव. ३ जुलै १९९९ रोजी त्यानं ‘पॅकमॅन’मध्ये ३३,३३,३६० गुण केले. हा आकडा गाजला, कारण याच्या पुढं जाताच येत नाही. त्या खेळात पातळी मोजायला आठ बिटांची जागा ठेवली होती, तिच्यात २५५ पर्यंतच आकडा मावतो. २५६ वी पातळी आली की मशीनचा हिशेब चुकतो आणि अर्ध्या पडद्यावर चित्रविचित्र अक्षरांचा कचरा पडतो. पुढं रस्ता नाही. तोपर्यंत एकही दाणा, फळ किंवा निळं भूत न सोडता, एकदाही न मरता पोचलं तर जास्तीत जास्त ३३,३३,३६० होतात. खेळ बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं की कुणी इथवर येईल.

याच मिचेलच्या ‘डाँकी काँग’च्या स्कोअरवर पुढं वाद झाला. आक्षेप असा, की त्यानं दिलेली टेप मूळ मशीनवरची वाटत नाही. २०१८ मध्ये ट्विन गॅलक्सीजनं त्याचे सगळे स्कोअर यादीतून काढले. त्यानं आरोप नाकारले, कोर्टात गेला. २०२४ च्या सुरुवातीला तडजोड झाली आणि त्याचे स्कोअर जुन्या नोंदींच्या दप्तरात परत ठेवले गेले. खरं-खोटं मी इथं ठरवणार नाही. मला एवढंच दाखवायचंय, की एका माकडाच्या खेळावरच्या आकड्यासाठी मोठी माणसं वर्षानुवर्षं भांडली. खेळातून मिळणारा पैसा हे त्याचं कारण म्हणता येत नाही. प्रश्न शब्दाचा होता : हा माणूस म्हणतो ते खरं की खोटं?

आमच्या दुकानात हा वाद झालाच नसता. पंचवीस जण मागं उभे होते. टेप खोटी असू शकते, पण एकाच वेळी पंचवीस पोरं, त्यातली दहा तुमच्यावर जळणारी, तुमच्या बाजूनं खोटी साक्ष देत नसतात.

हा जुगार आहे का

आता पालकांच्या बाजूनं बोलू. घरी कळलं की मार बसायचा, आणि त्यामागं नुसता अभ्यासाचा प्रश्न नव्हता. मोठ्यांना ते दुकान जुगाराच्या अड्ड्यासारखं वाटायचं. पडदा, अंधार, पैसे, पोरांची गर्दी. मटक्याची चिठ्ठी जिथं मिळायची तीही जागा दिसायला काही वेगळी नव्हती.

ही शंका फक्त आपली नव्हती. न्यूयॉर्क शहरानं १९४२ मध्ये पिनबॉलची मशीनं जुगार म्हणून बंद केली. ती बंदी १९७६ पर्यंत होती. उठली कशी, तर रॉजर शार्प नावाच्या माणसानं नगरसेवकांसमोर मशीन मांडलं, ‘चेंडू आता या वाटेनं जाईल’ असं आधी सांगितलं आणि खरंच तसा घालून दाखवला. म्हणजे हे नशीब नाही, हे कसब आहे.

नशीब की कसब, हाच निकष आपल्या न्यायालयांनीही धरला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चमारबागवाला यांच्या बक्षीस स्पर्धांच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. १९९५ मध्ये कर्नाटकातल्या व्हिडिओ गेम पार्लरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढं आलं, तेव्हा काही मशीनमध्ये निकाल नशिबावर ठरतो, त्यामुळं परवाना मागण्याचा आणि नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे, असं न्यायालयानं मान्य केलं. म्हणजे आपल्या आई-वडिलांची शंका अगदीच वेडगळ नव्हती. काही दुकानांत तशी मशीनं असायचीही. पण मुस्तफावर उभ्या असलेल्या पोराला पैसे परत मिळायचे नव्हते. त्याला मिळायचं ते फक्त नाव.

दुसरी गुणवत्ता यादी

आणि इथं एक विरोधाभास आहे, तो मला फार वर्षांनी कळला. ज्या काळात आम्हाला ‘आकड्याच्या मागं काय लागलाय’ म्हणून मार बसत होता, त्याच काळात लातूर-नांदेडमध्ये सगळा समाज एका आकड्याच्या मागं होता. लातूर पॅटर्नचे ते दिवस. दहावी-बारावीच्या बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची. पेपरात फोटो, पेढे भरवतानाचे. कुणाचा एका मार्कानं नंबर हुकला, यावर घराघरांत चर्चा. त्या यादीनं आपल्या भागाला आत्मविश्वास दिला, मागास म्हणून हिणवलेल्या मराठवाड्यातली पोरं पुण्या-मुंबईच्या पुढं गेली, हे मी अभिमानानं सांगतो. पण ती हायस्कोअरची यादीच होती ना? पुढं मंडळानं ती जाहीर करणं थांबवलं, कारण त्या आकड्याचं ओझं पोरांना पेलत नव्हतं.

दोन याद्यांत फरक एवढाच. बोर्डाच्या यादीत संधी एकदाच. चुकलात तर वर्ष गेलं, घरचे पैसे गेले, लोक काय म्हणतील ते वेगळंच. गेमच्या दुकानात चुकलात तर रुपया गेला. उद्या परत. हरण्याची किंमत इतकी कमी होती, की हरता हरता शिकता यायचं. मागच्या बाकावरच्या त्या पोराला शाळेनं एकाही यादीत घेतलं नव्हतं. दुकानानं घेतलं. त्याच्या आयुष्यात त्या वयात ‘तू एक नंबर आहेस’ हे वाक्य त्यानं फक्त त्या पत्र्याच्या खोलीत ऐकलं. म्हणून ती खोली त्याला सुटत नव्हती. हे आम्हाला तेव्हा कळायला हवं होतं, शिक्षकांनाही कळायला हवं होतं. मी स्वतः आता शिक्षक आहे, म्हणून बोलतोय.

पडद्याबाहेरच्या मुली

एक गोष्ट राहिली, ती सांगितली नाही तर हा इतिहास अर्धा राहील. त्या दुकानात मी एकही मुलगी कधी बघितली नाही. ‘पॅकमॅन’ बनवणाऱ्या तोरू इवातानी यांनी तो खेळ मुद्दाम मारामारीशिवाय बनवला होता, मुलींनीही दुकानात यावं म्हणून. जपान-अमेरिकेत त्या आल्याही. आपल्याकडं पडद्याच्या आत पाऊल टाकणं त्यांना शक्यच नव्हतं.

माझी मोठी बहीण घरी खेळायची. जत्रेतून आणलेला हातातला ब्रिक गेम, ज्यात वरून विटा पडतात. मूळ खेळ ‘टेट्रिस’, १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी बनवलेला. ताई भांडी घासून झाल्यावर, रात्री, कंदिलाजवळ बसून खेळायची. त्या खेळण्याचंही तेच. सेल काढले की स्कोअर गेला. पण ताईनं एक केलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला, जिथं दुधाचा हिशेब असायचा, तिथं तारीख घालून स्कोअर लिहून ठेवला. दर वेळी मोडला की नवीन. आईला वाटायचं दुधाचेच आकडे आहेत.

दोन वर्षांपूर्वी जुनी ट्रंक आवरताना ती पानं सापडली. मी इतिहासाचा विद्यार्थी, कागद शोधणारा. आमच्या पंचवीस पोरांच्या पराक्रमाचा एक कपटाही माझ्याकडं नाही. माझ्या हातात असलेला एकमेव लेखी पुरावा माझ्या बहिणीचा आहे, जिला दुकानाचं दार बंद होतं.

आकडा राहिला, माणसं पांगली

दुकानं बंद पडली त्याची कारणं तुम्हाला माहीत आहेत. टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले, मग कॅफेतले कॉम्प्युटर आले, मग मोबाईल. २००३ साली नोकियाचा ११०० हा टॉर्चवाला फोन आला आणि त्यात सापाचा खेळ होता. हा साप नोकियानं १९९७ मध्येच पहिल्यांदा फोनमध्ये घातला होता, पण आपल्याकडं तो घरोघरी पोचला तो या स्वस्त फोनमुळं. शेतावर मोटार सुरू होण्याची वाट बघत रात्री बसलेला शेतकरीसुद्धा साप खेळायचा. त्या फोननं स्कोअर लक्षात ठेवला, लाईटची गरज राहिली नाही. पण नाव विचारलं नाही. नुसता आकडा. आणि बघायला मागं कुणी उभं नव्हतं.

आज मात्र एक वेगळीच गोष्ट दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलानं निन्टेन्डोवरचा १९८९ चा ‘टेट्रिस’ इतका लांबवर नेला, की खेळच गोठला. मशीननं हात टेकले. चौतीस वर्षांत कुणा माणसानं ते केलं नव्हतं. तो खेळत होता तेव्हा लोक इंटरनेटवर थेट बघत होते. बघा, मागं उभी असणारी पोरं परत आली! ज्या खेळात नुसत्या विटा पडतात, त्याला आजची मुलं का चिकटताहेत? कारण तो खेळ सगळ्यांना सारखा. पैसे देऊन जास्त ताकद विकत घेता येत नाही. चुकलं तर चूक आपली, जमलं तर श्रेय आपलं, आणि बघणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं कोण किती पाण्यात आहे.

याच काळात दुसऱ्या बाजूला काय झालं? मोबाईलवर पैशाचे खेळ आले. कसबाचा खेळ आहे, जुगार नव्हे, असं सांगत आले. कर्जात गेलेली पोरं तुमच्या-माझ्या गावात आहेत, मी वेगळं सांगत नाही. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि तिथं कसब की नशीब हा भेदही ठेवला नाही. मला त्या दोन पडद्यांची तुलना करावीशी वाटते. दुकानाच्या पडद्यामागं पोरगा जास्तीत जास्त पाच रुपये हरायचा आणि पंचवीस जण बघत असायचे. हातातल्या पडद्यामागं तो शेताच्या किमतीएवढं हरतो आणि शेजारी झोपलेल्या बायकोलाही कळत नाही.

म्हणून मला वाटतं, हायस्कोअरच्या ओढीचं सार त्या मागं उभ्या असलेल्या माणसांत आहे. माणसाला आपलं कसब कुणीतरी बघावं, ओळखावं आणि आपण नसताना सांगावं असं वाटतं. मशीन त्याला निमित्त होतं. ती गरज भागवायची चांगली जागा आपण पोरांना दिली नाही, तर वाईट जागा कुणीतरी देतंच.

माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी असं दुकान चालवलं असेल, कुणाकडं जुनं मशीन, बोर्ड, फोटो, नाहीतर नुसती आठवण असेल, तर लिहून ठेवा. वहीत लिहा, कॅलेंडरच्या मागं लिहा. लाईट कधी जाईल सांगता येत नाही.



प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, त्या मुलाचं पुढं काय झालं?

उत्तर : हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तो आज एका वर्कशॉपमध्ये मोटारी दुरुस्त करतो आणि हात फार चांगला आहे त्याचा. मागच्या दिवाळीत भेटला. मी म्हटलं, तुझ्यावर व्याख्यान देणार आहे. तो म्हणाला, ‘माझं नाव नको घेऊ, बापाला अजून माहीत नाही.’ (हशा.)

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर मोबाईलवर खेळतो. तुम्ही त्याला प्रोत्साहन द्यायला सांगताय का?

उत्तर : नाही ताई. दिवसभर तर आम्हालाही परवडत नव्हतं, रुपया एकच असायचा. ती मर्यादा फार उपयोगाची होती, आता ती तुम्हाला घालावी लागेल. पण एक करून बघा. एक दिवस त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, ‘तुझा सगळ्यात मोठा स्कोअर किती?’ तो काय खेळतो, पैशाचं काही आहे का, हे तुम्हाला दहा मिनिटांत कळेल. आणि पोरगा तुमच्याशी बोलायला लागेल. आमच्या वेळी घरात हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही सगळं खरं सांगितलं असतं.